मोकळ्या मातीचा प्रश्न : सिडनीचे रान, घाणेरी आणि पालापाचोळ्याचे आच्छादन

उपद्रवी झुडपांच्या निर्मूलनाचा इतिहास बहुधा तोडणीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. किती क्षेत्र साफ केले, किती मजूर लावले, कोणते अवजार किंवा कोणते रसायन वापरले, हे अहवालांत सापडते; परंतु झुडूप निघाल्यानंतर उघड्या पडलेल्या मातीचे पुढच्या पावसाळ्यात काय झाले आणि त्यानंतरच्या पाच वर्षांत तिच्यावर काय उगवले, याची नोंद क्वचितच आढळते. जमीन पूर्वपदावर येणार की पहिल्यापेक्षा अधिक दाट तणाखाली जाणार, हे मात्र याच काळात ठरते. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साऊथ वेल्स राज्यात, विशेषतः सिडनी बंदराच्या उत्तर किनाऱ्यावरील मोसमन या उपनगरात, १९६० च्या दशकात या उघड्या मातीचा प्रश्न प्रथम केंद्रस्थानी आला आणि त्यातून ‘रानाचे पुनरुज्जीवन’ नावाची कार्यपद्धती, पुढे एक स्वतंत्र व्यवसायच, उभा राहिला. त्या कार्यपद्धतीला ज्या झुडपांशी झुंजावे लागले त्यांतील एक प्रमुख झुडूप सह्याद्रीच्या पायथ्यापासून विदर्भाच्या जंगलांपर्यंत सर्वत्र ओळखीचे आहे. मराठीत त्याला घाणेरी किंवा टणटणी म्हणतात. वनस्पतिशास्त्रात ते लँटाना कॅमारा या नावाने नोंदले गेले आहे.

घाणेरी मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. सतराव्या शतकात ती डच व्यापाऱ्यांबरोबर युरोपात गेली आणि तेथील काचघरांत शोभेचे झाड म्हणून इतक्या वेळा संकरित झाली, की आज जगभर पसरलेली घाणेरी ही एखादी रानटी जात म्हणण्यापेक्षा बागाईतदारांनी घडवलेला अनेक वाणांचा समूह म्हणणे अधिक योग्य ठरते. एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी आणि लाल फुले दाखवणारे हे झुडूप वसाहतींच्या काळात एका वनस्पती उद्यानातून दुसऱ्या उद्यानात भेट म्हणून जात राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आले. १८४१ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात त्याची लागवड झाल्याच्या नोंदी मिळतात आणि पुढील दोन दशकांत सिडनी व ब्रिस्बेन या शहरांभोवती ते बागांच्या कुंपणाबाहेर पडून रानात स्थिरावले होते. कोणाच्याही दुष्ट हेतूशिवाय, निव्वळ सौंदर्याच्या आवडीपोटी, हे घडले. आज पूर्व ऑस्ट्रेलियातील सुमारे ४० लाख हेक्टर जमीन या झुडपाने व्यापलेली आहे आणि १९९९ साली त्या देशाने राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जी २० तणे जाहीर केली त्यांत त्याचा समावेश आहे.

या झुडपाचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय त्याविरुद्धच्या प्रयत्नांचे यशापयश समजत नाही. त्याची काळी फळे पक्षी आवडीने खातात, त्यामुळे पक्षी जेथे विसावतात त्या झाडांखाली त्याची रोपे दाटीने उगवतात. जमिनीला टेकलेल्या फांदीला पेरापेरांतून मुळे फुटतात. आणि वरचा भाग छाटला तर खोडाच्या बुंध्यातून नवे धुमारे अधिक जोमाने येतात. पाने गुरांना विषारी असल्यामुळे चराईने त्याला आळा बसत नाही, उलट गुरे शेजारचे गवत खाऊन त्याची वाट मोकळी करतात. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे घाणेरीला उजेड लागतो. अभंग, घनदाट छत्राखाली ती फारशी फोफावत नाही. रस्त्याची कड, तोडलेल्या झाडाची पोकळी, ओढ्याचा ढासळलेला काठ, जळून उघडी पडलेली उतरण या तिच्या आवडीच्या जागा होत. म्हणजेच जमीन विस्कटली की घाणेरी येते, आणि घाणेरी काढण्यासाठी जमीन पुन्हा विस्कटली की ती पुन्हा येते. तिच्या विरोधातील पहिल्या शंभर वर्षांतील बहुतेक प्रयत्न याच चक्रात अडकले.

त्या प्रयत्नांत एक मोठी आशा कीटकांवर होती, आणि त्या आशेचा उगम काही अंशी भारतातच होता. १७९५ साली किरमिजी रंगासाठी ब्राझीलहून बंगालमध्ये आणलेला कोचिनील कीटक रंगाच्या कामी निकृष्ट ठरला, कारण तो अपेक्षित जातीचा नव्हताच. परंतु त्याने एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला आणि १८३० च्या दशकात त्याला मुद्दाम दक्षिण भारतात नेऊन सोडण्यात आले. एखाद्या तणाचा नाश करण्यासाठी त्याचा शत्रू जाणूनबुजून वापरण्याची, म्हणजे ज्याला आज जैविक नियंत्रण म्हणतात त्याची, ही जगातील सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक घटना मानली जाते. पुढे ऑस्ट्रेलियात १९२५ च्या सुमारास निवडुंगाने सुमारे २४० लाख हेक्टर जमीन ग्रासली असता दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या कॅक्टोब्लास्टिस या पतंगाच्या अळ्यांनी काही वर्षांतच ते उभे पीक कुजवून टाकले, आणि हे यश इतके डोळे दिपवणारे होते की प्रत्येक तणाला असा एखादा कीटक सापडेल असे अनेकांना वाटू लागले. घाणेरीने ही अपेक्षा पुरी केली नाही. १९०२ साली हवाईसाठी मेक्सिकोतून तिचे कीटक गोळा करून आणले गेले, १९१४ पासून ऑस्ट्रेलियात आणि पुढे भारतातही त्यांतील काही सोडण्यात आले. पाने जाळीदार झाली, बियांचे प्रमाण काही ठिकाणी घटले, परंतु झुडपे मेली नाहीत. अनेक वाणांच्या संकरातून बनलेल्या वनस्पतीला एका विशिष्ट वाणावर वाढलेला कीटक सर्वत्र सारखाच जाचक ठरत नाही, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. त्यामुळे घाणेरीचा प्रश्न अखेर माणसाच्या हाताकडे आणि कोयत्याकडे परत आला.

हात आणि कोयता यांच्या साह्याने रान परत आणण्याचा एक लक्षणीय प्रयत्न १९३५ साली उत्तर न्यू साऊथ वेल्समधील अॅल्स्टनव्हिल या गावी सुरू झाला. तेथील दुग्धव्यवसायी शेतकरी अॅम्ब्रोज क्रॉफर्ड यांनी लम्ली पार्क नावाच्या लहानशा राखीव तुकड्यातून घाणेरी आणि इतर परकी वनस्पती काढायला घेतल्या. हा तुकडा ‘बिग स्क्रब’ या वर्षावनाचा अवशेष होता. एके काळी सुमारे ७५,००० हेक्टरांवर पसरलेले ते वन वसाहतकाळात शेती आणि गोठ्यांसाठी इतके तोडले गेले होते की त्याचा एक टक्काही उरला नव्हता. क्रॉफर्ड यांचा उपक्रम अनेक वर्षे स्थानिक पातळीवरच राहिला. त्याच सुमारास, १९३६ नंतर, राज्याच्या कोरड्या पश्चिम टोकाला ब्रोकन हिल या खाणींच्या शहरात अल्बर्ट मॉरिस यांनी वेगळ्या प्रकारचे धाडस केले. गुरांच्या आणि सशांच्या चराईने शहराभोवतीची जमीन उजाड झाली होती आणि वाऱ्याने उडणारी वाळू घरांच्या कुंपणांवर ढीग घालत होती. मॉरिस हे खाणीत धातूपरीक्षणाचे काम करणारे, पण वनस्पतींचा गाढा अभ्यास असलेले गृहस्थ होते. शहराभोवती कुंपणे घालून चराई थांबवली तर मातीत दडलेल्या बियांतूनच मूळच्या वनस्पती परत येतील, असा त्यांचा आग्रह होता. खाणकंपन्यांनी खर्च उचलला, कुंपणे झाली, आणि पुढील वर्षांच्या पावसाने त्यांचे म्हणणे खरे ठरवले. मॉरिस १९३९ साली निधन पावले, परंतु शहराभोवतीचे राखीव पट्टे त्यांच्या पत्नी मार्गारेट आणि इतरांच्या चिकाटीने टिकले आणि १९५८ पर्यंत त्यांचे कडे पूर्ण झाले. ब्रोकन हिलच्या प्रश्नात घाणेरी नव्हती, तरीही मातीत अजून बीज आहे आणि माणसाने आधी स्वतःचा उपद्रव थांबवावा, हा विचार तेथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाला. आधुनिक पुनरुज्जीवनाचे श्रेय दीर्घकाळ मोसमनच्या आयलीन आणि जोन ब्रॅडली या दोन बहिणींनाच दिले जात असे. त्यांच्या कामाची थोरवी कमी न करता या पूर्वसुरींचे स्मरण ठेवणे न्याय्य होय.

मोसमनमधील परिस्थिती निराळी होती. सिडनी बंदराच्या काठचे डोंगरउतार हॉक्सबरी वालुकाश्मावर वसलेले आहेत आणि त्या खडकातून बनलेली वाळूसर माती पोषकद्रव्यांच्या, विशेषतः फॉस्फरसच्या, दृष्टीने अतिशय दरिद्री आहे. अँगोफोरा, बँक्सिया, निलगिरीच्या विविध जाती आणि त्यांच्या खालची काटक झुडपे लाखो वर्षे याच दारिद्र्याशी जुळवून घेत विकसित झाली. त्यांच्या समृद्ध विविधतेचे कारणही तेच. बोरोगेगल या आदिवासी समूहाची ही भूमी १७८८ नंतर वसाहतीत गेली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिच्या माथ्यावर बंगले, बागा आणि डांबरी रस्ते झाले. पावसाचे पाणी या रस्त्यांवरून आणि खत घातलेल्या बागांमधून वाहून ओघळींवाटे खालच्या रानात उतरू लागले, आणि मूळच्या वनस्पतींना न मानवणारी पण परक्या तणांना हवीहवीशी सुपीकता बरोबर घेऊन आले. घाणेरी, प्रिव्हेट, ब्लॅकबेरी यांनी या ओल्या, सुपीक कडांवरून आत शिरकाव केला. उद्यानांची व्यवस्था पाहणारे लोक अधूनमधून कामगारांची टोळी लावून तणे सपाट कापून घेत. काही आठवडे जागा स्वच्छ दिसे आणि वर्षभरात तेथे पूर्वीपेक्षा दाट तण उभे राही.

आयलीन आणि जोन ब्रॅडली या दोघी बहिणी याच परिसरात राहत होत्या. ज्या भूशिराला ब्रॅडलीज हेड म्हणतात, त्याचे नाव पहिल्या आरमारातील एका नौदल अधिकाऱ्यावरून पडलेले आहे, या बहिणींवरून नव्हे. त्या नोकरीपेशाने वनाधिकारी किंवा वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हत्या, पण निरीक्षणाची शिस्त त्यांच्या अंगी मुरलेली होती. निळ्या फेअरी-रेन या चिमुकल्या, शेपटी उभी धरणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी अडकवून त्यांनी प्रत्येक पक्ष्याच्या वागणुकीचा आणि पिसांच्या बदलाचा मागोवा घेतला होता आणि त्यांचा हा अभ्यास १९५८ साली ‘इमू’ या ऑस्ट्रेलियाच्या प्रमुख पक्षिशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकच जागा वर्षानुवर्षे पाहत राहण्याची ही सवय त्यांच्या पुढील कार्याचा खरा पाया मानावी लागेल, कारण जवळच्या अॅश्टन पार्कच्या रानात फिरताना त्या तणे उपटू लागल्या, तेव्हा कोणत्या जागी काय परत आले याची तुलना करणे त्यांना सहज शक्य झाले. टोळीने साफ केलेल्या जागी तण परत येत होते. आणि जेथे चांगल्या झाडोऱ्यातून थोडेसेच तण हळुवार काढले होते, तेथे मूळच्या वनस्पतींची रोपे उगवत होती. १९६७ साली त्यांनी तणांच्या नियंत्रणाविषयी आणि १९७१ साली ‘बुश रीजनरेशन’ या शीर्षकाखाली पुस्तिका प्रसिद्ध करून आपली रीत मांडली. बुश म्हणजे ऑस्ट्रेलियात स्थानिक वनस्पतींनी आच्छादलेली कोणतीही नैसर्गिक भूमी, मग ती उंच वृक्षांची असो वा खुरट्या झुडपांची. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी रान हा शब्द योजला आहे.

ब्रॅडली पद्धतीचे पहिले सूत्र त्या काळच्या प्रचलित समजुतीच्या थेट विरुद्ध होते. तणांचे सर्वांत दाट जंगल जेथे आहे तेथून काम सुरू करावे, असे कोणत्याही नगरपालिकेला वाटणे स्वाभाविक होते, कारण लोकांच्या डोळ्यांवर तेच येते. ब्रॅडली भगिनींनी सांगितले की जेथे रान अजून निरोगी आहे आणि तण तुरळक आहे, तेथून प्रारंभ करावा आणि निरोगी भागाकडून बिघडलेल्या भागाकडे अरुंद पट्ट्यांनी सरकत जावे. यामागचा तर्क असा, की निरोगी रानाच्या कडेला मातीत मूळच्या वनस्पतींचा बीजसाठा, म्हणजे रुजण्याची संधी मिळेपर्यंत सुप्तावस्थेत राहिलेल्या बियांचा संचय, अद्याप भरपूर असतो आणि शेजारच्या झाडांवरून नवे बीजही पडत असते. त्यामुळे तण निघाल्यावर रिकामी झालेली जागा भरून काढण्याचे काम रान स्वतः करते. दाट तणाच्या मध्यभागी मात्र बीजसाठाही तणाचाच असतो. तेथे मोठी जागा उघडी केली तर ती तणालाच आयती मिळते. म्हणून साफसफाईचा वेग कामगारांच्या संख्येवरून ठरू नये, रान ज्या गतीने पुढे सरकेल त्या गतीनेच ठरावा, हेही त्याच विचाराचे दुसरे टोक होते आणि पाळायला सर्वांत अवघड होते. महिन्या-दोन महिन्यांत निकाल मागणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेला ही शिस्त जाचते.

या दोहोंच्या मध्ये येणारे सूत्र जमिनीच्या वरच्या बोटभर थराविषयीचे होते, आणि या लेखाच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे आहे. काम करताना माती कमीत कमी हलवावी, आणि जी हलेल ती पूर्वीच्या क्रमाने परत बसवावी, असा त्यांचा दंडक होता. तण उपटण्यापूर्वी त्याभोवतीचा पालापाचोळा हाताने बाजूला सारायचा. सुरी, लहान खुरपे, कात्री अशा छोट्या हत्यारांनी मूळ सैल करायचे. मुळाला चिकटलेली माती खड्ड्यातच झटकायची. आणि मग पालापाचोळा पुन्हा त्याच जागी पसरायचा, म्हणजे कामाची खूणही दिसू नये. उपटलेले तण ते पुन्हा रुजणार नाही अशा रीतीने, मुळे वर टांगून वाळवायचे आणि वाळल्यावर तेथेच आच्छादन म्हणून अंथरायचे. फक्त पिकलेली फळे आणि बी तेवढे पिशवीत भरून बाहेर न्यायचे. आच्छादन म्हणजे माती उघडी राहू नये म्हणून तिच्यावर घातलेला मृत वनस्पतींचा थर. उसाचे पाचट न जाळता सरीत पसरणाऱ्या किंवा भाजीच्या वाफ्यावर पेंढा अंथरणाऱ्या मराठी शेतकऱ्याला हे तत्त्व नवे नाही. फरक इतकाच की शेतात ते पिकासाठी वापरले जाते, आणि येथे जे पेरलेलेच नाही त्याला वाट करून देण्यासाठी.

पालापाचोळ्याचा हा पातळ थर एकाच वेळी अनेक कामे करतो. तणांच्या लहान बियांपैकी पुष्कळांना रुजण्यासाठी उजेडाचा इशारा लागतो, तो आच्छादनाने अडतो. उन्हाच्या तडाख्यात उघडी वाळू तापते आणि कोरडी पडते, उलट आच्छादनाखाली ओल टिकते आणि तापमानाचे चढउतार सौम्य होतात. पावसाचा थेंब मातीवर थेट न आदळल्यामुळे उतारावरची माती वाहून जात नाही. कुजण्याचे कामही येथे महत्त्वाचे आहे. वाळकी काष्ठमय पाने आणि काटक्या यांत कार्बन पुष्कळ आणि नायट्रोजन अल्प असल्यामुळे त्या कुजवणारे सूक्ष्मजीव मातीच्या पृष्ठभागालगतचा उपलब्ध नायट्रोजन स्वतःसाठी ओढून घेतात, आणि अतिपोषणावर वाढणाऱ्या तणांची उपासमार होते, तर दारिद्र्याला सरावलेल्या बँक्सियासारख्या वनस्पतींना त्याची झळ कमी लागते. सिडनीच्या वालुकाश्मी जमिनीत ज्या सुपीकतेने रानाचा घात केला, ती सुपीकता हळूहळू उतरवण्याचा हा एक मार्ग म्हणता येईल. ब्रॅडली भगिनींनी हे सारे रसायनशास्त्राच्या परिभाषेत मांडले नव्हते, पण जमिनीवरचा थर जपला तर काय होते आणि उधळला तर काय होते, याचा अनुभव त्यांनी वर्षानुवर्षे घेतला होता. त्यांच्या रीतीने सुमारे १६ हेक्टरांचे रान तणमुक्त झाले आणि नंतर वर्षातून एखाद-दुसऱ्या फेरीपुरतीच देखभाल त्याला लागू लागली.

सावकाशीचा आणखी एक लाभ पक्ष्यांना झाला. ज्या निळ्या फेअरी-रेनचा या बहिणींनी अभ्यास केला होता, त्याच्यासारख्या लहान पक्ष्यांना दाट, काटेरी आडोसा लागतो, आणि मूळची झुडपे नाहीशी झालेल्या उपनगरांत हा आडोसा पुष्कळदा घाणेरीच्या जाळ्याच पुरवतात. अशी जाळी एका दिवसात तोडली तर तिच्या आश्रयाने जगणारे पक्षी शिकारी पक्ष्यांच्या आणि मांजरांच्या तोंडी उघडे पडतात किंवा जागा सोडून जातात. म्हणून आज सिडनीतील जाणते कार्यकर्ते घाणेरीची जाळी तुकड्यातुकड्यांनी काढतात, आणि शेजारी मूळची झुडपे पुरेशी वाढल्यावरच उरलेला भाग उचलतात. उपद्रवी म्हणून ठरवलेल्या झुडपालाही काही काळ आश्रयस्थान म्हणून राखावे लागते, ही गोष्ट निर्मूलनाच्या मोहिमांच्या भाषेत बसत नाही. तरीही ती खरी आहे, आणि ती दुर्लक्षिल्याने अनेक ठिकाणी निष्पाप जीवांचे नुकसान झालेले आहे.

१९७० च्या दशकाच्या मध्यास न्यू साऊथ वेल्सच्या नॅशनल ट्रस्ट या वारसासंवर्धन संस्थेने ही पद्धत स्वीकारली आणि जोन ब्रॅडली यांच्या देखरेखीखाली पगारी गट तयार केले. आयलीन १९७६ साली आणि जोन १९८२ साली निवर्तल्या. ‘ब्रिंगिंग बॅक द बुश’ हे त्यांच्या पद्धतीचे सविस्तर पुस्तक १९८८ साली, म्हणजे दोघींच्या पश्चात, प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी १९८६ साली या कामात असलेल्यांनी ऑस्ट्रेलियन असोसिएशन ऑफ बुश रीजनरेटर्स ही संघटना स्थापन केली, तंत्रशिक्षण संस्थांमधून अभ्यासक्रम सुरू झाले, आणि नगरपालिकांच्या कामांत रानाच्या पुनरुज्जीवनाची स्वतंत्र कंत्राटे निघू लागली. या व्यवसायाचा पाया स्त्रियांनी घातला आणि प्रारंभीच्या गटांत अर्धवेळ काम करणाऱ्या स्त्रियांचा भरणा मोठा होता. खुरपणी हे जेथे परंपरेने बायकांचे आणि म्हणून कमी मोलाचे काम समजले जाते, त्या महाराष्ट्राच्या शेतीव्यवस्थेतून पाहणाऱ्याला हे विशेष अर्थपूर्ण वाटावे. कारण येथे त्याच बारकाईच्या बैठ्या कामाला कौशल्याचा आणि प्रमाणपत्राचा दर्जा मिळाला.

पद्धत रुजली तसे तिच्यावरचे आक्षेपही पुढे आले, आणि त्यांतील काही सबळ होते. हाताने उपटण्याची गती इतकी मंद होती की एका टोकाला रान सावरत असताना दुसऱ्या टोकाला तण अधिक वेगाने पसरत असे. त्यामुळे पुढील पिढीने खोड कापून त्या ताज्या कापावर लगेच तणनाशकाचा हात फिरवण्याची रीत स्वीकारली. मूळ न उपटल्यामुळे माती हलत नाही आणि बुंधाही पुन्हा फुटत नाही, म्हणजे रसायन वापरूनही ब्रॅडलींच्या दुसऱ्या सूत्राचे पालनच होते, असा तिचा युक्तिवाद. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी होता. माती कमीत कमी हलवावी हा दंडक सर्वत्र लागू पडत नाही, कारण ऑस्ट्रेलियातील बाभूळवर्गीय आणि इतर अनेक वनस्पतींची कठीण कवचाची बीजे आगीच्या उष्णतेशिवाय वा एखाद्या खळबळीशिवाय जागीच होत नाहीत. सिडनीच्या रानांतून आदिवासींची नियंत्रित आग नाहीशी होऊन दीड शतक उलटले होते आणि मातीत बीज असूनही वर काही उगवत नव्हते. तण काढल्यानंतर लहान ठिकाणी काटक्यांचे ढीग रचून जाळल्यास राखेच्या गोलातून अशा वनस्पतींची रोपे उगवतात, हे प्रयोगांनी दिसून आले. त्यामुळे आजचा जाणकार आधी जागेची स्थिती तपासतो, मातीत अजून किती स्वतःहून सावरण्याची क्षमता शिल्लक आहे याचा अंदाज घेतो, आणि मगच हात, रसायन, आग किंवा लागवड यांपैकी काय योजायचे ते ठरवतो.

आच्छादनाच्या बाबतीतही असाच विवेक आवश्यक ठरला. तोडलेल्या फांद्या यंत्रातून काढून त्यांच्या चुऱ्याचा जाड थर घालण्याची प्रथा १९८० नंतर उद्याने आणि रस्त्यांच्या कडेला सर्रास दिसू लागली. लागवडीच्या जागी तो उपयोगी असतो. परंतु मातीत चांगला बीजसाठा असलेल्या रानात असा चार-सहा इंचांचा थर तणांबरोबर मूळच्या रोपांनाही गाडून टाकतो, आणि दुसरीकडून आणलेल्या चुऱ्याबरोबर मुळे कुजवणारे रोग किंवा नव्या तणांचे बी येण्याचा धोका असतोच. त्यापेक्षा अधिक सुबुद्ध असा एक प्रकार किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांवर आणि खाणींनी उखडलेल्या जमिनीवर वापरात आला. लेप्टोस्पर्मम, म्हणजे ऑस्ट्रेलियातील टी-ट्री, यासारखी झुडपे आपले बी काष्ठमय बोंडांत वर्षानुवर्षे फांदीवरच धरून ठेवतात आणि फांदी मेली की बोंडे उघडतात. अशा बोंडांसह फांद्या तोडून उघड्या जमिनीवर आडव्या अंथरल्या की त्या वाळता वाळता वारा अडवतात, सावली देतात, आणि स्वतःच्याच सावलीत स्वतःचे बी सोडतात. आच्छादन आणि पेरणी ही दोन कामे येथे एकाच फांदीने साधतात. रान सावरण्याच्या सर्व तंत्रांत याहून काटकसरीचे तंत्र क्वचितच असेल.

भारतातील घाणेरीचा पसारा ऑस्ट्रेलियाहून कितीतरी मोठा आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, व्याघ्रक्षेत्रांच्या पाहणीवर आधारलेल्या एका अभ्यासानुसार देशातील सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर वनक्षेत्रात तिचे अस्तित्व आहे. कर्नाटकातील बिलिगिरी रंगन टेकड्यांतील सोलिगा आदिवासी तिच्या फैलावाचा संबंध १९७४ साली अभयारण्य झाल्यानंतर बंद पडलेल्या, कोरडा पालापाचोळा जाळणाऱ्या हलक्या आगींशी जोडतात. आणि मले महादेश्वर टेकड्यांत तिच्या काठ्यांपासून खुर्च्या, टोपल्या विणण्याचा उद्योगही उभा राहिला आहे. निर्मूलनाच्या दृष्टीने मात्र सर्वांत विचारपूर्वक काम दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पात केले. त्यांच्या पद्धतीत झुडूप खणून किंवा यंत्राने ओढून काढत नाहीत. दोन-तीन माणसे मिळून लांब दांड्याच्या कुदळीने सोटमूळ जमिनीच्या पृष्ठभागाखाली जेमतेम ३ ते ५ सेंटिमीटरवर तोडतात, कारण पुन्हा फुटणारे डोळे तेवढ्याच भागात असतात. मग झुडूप उचलून मुळे वर, फांद्या खाली असे उलटे ठेवतात, म्हणजे फांद्यांना मातीत मुळे फुटण्याची संधी मिळत नाही आणि ते जागीच वाळते. माती जवळजवळ न हलल्यामुळे तिच्यातील घाणेरीचे बी वर येत नाही, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर स्थानिक गवतांची लागवड करून ती झाकली जाते. मोसमनच्या पद्धतीशी या रीतीचे साम्य लक्षणीय आहे: दोन्हींत मुळाचा नेमका तेवढाच भाग हलवला जातो जेवढा हलवणे अपरिहार्य आहे, आणि दोन्हींत मोकळी माती मोकळी राहू दिली जात नाही.

कॉर्बेटमधील काम तोडणीपाशी संपले नाही. पक्षी ज्या झाडांवर विसावतात त्यांच्याखाली पावसाळ्यानंतर घाणेरीची रोपे पुन्हा उगवत राहतात, त्यामुळे अशी झाडे हेरून त्यांच्या बुडाशी फेरी मारणे आणि रोपे लहान असतानाच हाताने उपटणे हा या पद्धतीचाच भाग ठरवण्यात आला. वाढलेल्या स्थानिक गवतावर हरणे चरायला येऊ लागल्यानंतरही या फेऱ्या चालू ठेवाव्या लागतात.